अनुभवापासून कवितेपर्यंत: स्वतःच्या जगण्यातून कविता कशी घडवायची

कविता लिहायला लागलेली बहुतेक माणसं दोनपैकी एका अडचणीत सापडतात. काहींना वाटतं, आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलेलंच नाही. काहींच्या आयुष्यात इतकं घडलेलं असतं की ते सगळं एकदम कागदावर ओतायला जातात, आणि वाचणाऱ्याच्या हाती 'वेदना', 'आसवं', 'काळीज' एवढेच शब्द लागतात. दोघांचा समज मात्र एकच असतो: अनुभव म्हणजे मोठी घटना आणि कविता म्हणजे त्या घटनेबद्दल आपल्याला काय वाटलं त्याचं निवेदन.

माझं म्हणणं साधं आहे. कवितेला तुमचा अख्खा अनुभव लागत नाही. त्यातला एक नेमका तुकडा लागतो. एखादी वस्तू, एखादं वाक्य, हाताची एखादी हालचाल. तो तुकडा सापडला की त्याच्याशी इमान राखायचं, घटनेच्या तपशीलवार हकिगतीशी नव्हे आणि स्वतःच्या भावनेशीही नव्हे. भावना त्या तुकड्याच्या मागोमाग येते. हे प्रत्यक्ष कसं करायचं, ते पुढे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. सगळे टप्पे सारख्या वजनाचे नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण कविता बहुतेक वेळा तिथेच फसते.

पहिला टप्पा: टिपून ठेवा, पण भावना टिपू नका

एक वही ठेवा किंवा फोनमध्ये एक टिपण उघडून ठेवा. त्यात 'आज खूप उदास वाटलं' असं लिहू नका. उदासी सहा महिन्यांनी वाचली तर ती कुठल्याही दिवसाची असू शकते. त्याऐवजी त्या दिवशी डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी काय ऐकलं, हाताला काय लागलं ते लिहा. दवाखान्यात शेजारच्या बाकावरचा माणूस स्वतःचा रिपोर्ट उलटा धरून बसला होता. भांडण झाल्यावर बहिणीने आधी खिडकी लावली आणि मग दार. कोणी काय बोललं ते जमेल तितकं त्याच शब्दांत उतरवा, आपल्या भाषेत सुधारून नको.

अशा टिपणाची ताकद किती असते याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्रज कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांची डॅफोडिल फुलांवरची कविता. १५ एप्रिल १८०२ रोजी ते बहीण डोरोथीबरोबर एका सरोवराकाठून चालत होते. वाऱ्यात डोलणारी ती फुलं दोघांनी पाहिली. डोरोथी यांनी आपल्या रोजनिशीत त्याचं बारीक वर्णन केलं, काही फुलं दगडांवर मान टेकून विसावल्यासारखी दिसत होती इथपर्यंत. वर्ड्‌स्वर्थ यांनी कविता लिहिली १८०४ च्या सुमारास, ती छापली गेली १८०७ मध्ये आणि १८१५ मध्ये त्यांनी ती पुन्हा सुधारली. त्यातल्या दोन ओळी तर त्यांच्या पत्नी मेरी यांनी सुचवलेल्या आहेत. आणि गंमत अशी की कवितेतला माणूस एकटा भटकतो आहे. बहीण त्यातून गायब आहे!

ही एक हकिगत नीट समजली तर या लेखातलं अर्धं काम होतं. टिपण होतं. मध्ये दोन वर्षं गेली. कवितेला गरज वाटली तिथे वस्तुस्थिती बदलली. आणि कविता एका माणसाच्या नावावर असली तरी तिच्यात तिघांची नजर आहे.

दुसरा टप्पा: अंतर पडू द्या

दुःख ताजं असताना लिहू नये, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो पूर्ण खरा नाही. ताजेपणी जरूर लिहा, फक्त ती कविता आहे असं मानू नका. ते टिपणच आहे.

याची सर्वांत नेमकी मांडणी मला गजानन माधव मुक्तिबोध यांच्याकडे सापडते. घरची भाषा मराठी आणि लेखन हिंदीत, असा हा कवी. त्यांनी कलेचे तीन क्षण सांगितले. पहिला क्षण जीवनातल्या उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर एखाद्या कल्पनाचित्रासारखा उभा राहतो. तिसरा क्षण त्या चित्राला शब्द देण्याचा, आणि शब्द देता देता ते चित्र पुन्हा बदलत जाण्याचा. नवोदितांच्या कवितांत बहुधा हा मधला क्षणच गाळलेला असतो. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी.

दुसरा क्षण आला की नाही, हे ओळखायची एक खूण आहे. त्या प्रसंगातल्या दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहून तुम्हाला चार वाक्यं लिहिता येतात का? ज्याने दुखावलं त्याच्या बाजूने, किंवा खोलीच्या कोपऱ्यातून हे सगळं पाहणाऱ्या तिसऱ्याच कोणाच्या बाजूने. लिहिता येत नसतील, हात थरथरत असेल, किंवा प्रत्येक वाक्य 'तरी पण मी' असं वळत असेल, तर थांबा. टिपण जपून ठेवा.

किती थांबायचं याला कॅलेंडर नाही. अपवादही मोठे आहेत. रशियन कवयित्री अ‍ॅना अख्मातोव्हा यांचा मुलगा तुरुंगात असताना त्या महिनोन्‌महिने तुरुंगाबाहेरच्या रांगेत उभ्या राहत होत्या, आणि त्या काळातच त्यांच्या 'रेक्विएम' या दीर्घ कवितेचे तुकडे घडत होते. कागद सापडला तर जीव धोक्यात, म्हणून त्या ओळी विश्वासू मैत्रिणींकडून पाठ करून घेतल्या जात आणि कागद जाळला जाई. तिथे अंतर काळाने दिलं नाही. पण रांगेतल्या इतर बायका होत्या. स्वतःच्या मुलाबद्दल लिहिताना त्यांना त्या सगळ्याजणी दिसत होत्या, आणि अंतर त्यातून आलं. म्हणजे काळ हा एक मार्ग झाला. नजर स्वतःवरून हलवणं हा दुसरा.

तिसरा टप्पा: एकच तुकडा निवडा

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, तुमच्या वडिलांना कंपवाताचा आजार आहे, ज्याला पार्किन्सन्स म्हणतात. त्यावर कविता लिहायची आहे. पहिला खर्डा साधारण असा येतो:

बाबा, तुमचं दुःख पाहवत नाही
काळाने हिरावली तुमची उमेद
माझ्या डोळ्यांत दाटतात आसवं
आणि शब्दही मुके होतात

यात खोटं एक अक्षर नाही. लिहिणाऱ्याला खरंच रडू आलं असेल. पण या चार ओळी कुठल्याही वडिलांच्या, कुठल्याही आजाराच्या आहेत. 'बाबा'च्या जागी 'आई' घाला, 'मित्रा' घाला, काही बिघडत नाही. जी ओळ अशी सहज दुसऱ्याला चिकटते, तिच्यात तुमचा अनुभव अजून उतरलेला नाही, असं खुशाल समजा.

मग वही काढा आणि या आजाराशी जोडलेल्या वस्तूंची यादी करा. भावनांची नको, वस्तूंची आणि हालचालींची. शर्टाचं सगळ्यात वरचं बटण. कपबशीचा आवाज. चालताना दारात अडकणारं पाऊल. सही न जुळल्यामुळे बँकेतून परत आलेला चेक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला लिहिलेलं विजेच्या मीटरचं रीडिंग.

यादी वीसेक गोष्टींपर्यंत न्या. पहिल्या चार-पाच गोष्टी सगळ्यांनाच सुचतात. थरथरणारा कप हा या आजाराबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत असेल. खरा ऐवज बहुधा दहाव्या-बाराव्या ओळीनंतर येतो, जेव्हा सुचेनासं होतं आणि मन घरातल्या कोपऱ्यांत फिरायला लागतं.

यादी झाली की प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा: यात काळ दिसतो का? नातं दिसतं का? आणि यात असं काही आहे का, जे मला अजून पुरतं कळलेलं नाही? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जे पूर्ण कळलेलं आहे त्यावर लेख लिहिता येतो, पण कवितेला थोडा अंधार लागतो.

मीटरचं रीडिंग या परीक्षेत उतरतं. या आजारात अनेकांचं हस्ताक्षर हळूहळू बारीक होत जातं. म्हणजे भिंतीवरच्या त्या चौकटींमध्ये दर महिन्याला एक नोंद झालेली आहे, जी कोणी मुद्दाम केलेली नाही. विजेचं रीडिंग म्हणून लिहिलेले आकडे आजाराचंही रीडिंग होऊन बसले आहेत. हा तुकडा बाहेरून आणलेला नाही, तो घरातच होता. दुसरा खर्डा:

दर महिन्याच्या एक तारखेला
बाबा कॅलेंडरवर मीटरचं रीडिंग लिहितात.
जानेवारीत आकडे चौकटभर.
मार्चमध्ये अर्धी चौकट मोकळी.
जूनचे आकडे मुंगीसारखे,
तारखेच्या पायाशी.
आकडा मोठा होत जातो, अक्षर लहान.
ऑगस्टचं रीडिंग मराठी आकड्यांत आहे.
आई तसेच लिहिते.

इथे 'दुःख' हा शब्द नाही, आजाराचं नावही नाही. तरी शेवटच्या दोन ओळींत काय झालं ते कळतं. लेखणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. वडील इंग्रजी आकडे लिहायचे, आई मराठी लिहिते, एवढ्याशा फरकातून घरातली जबाबदारी कशी सरकली ते दिसतं. हा खर्डाही अजून पक्का नाही. त्याच्याकडे सातव्या टप्प्यात परत येऊ.

मोठा अनुभव नसल्याची तक्रार असणाऱ्यांनी इथे बहिणाबाई चौधरी यांच्याकडे पाहावं. १८८० ते १९५१ हा त्यांचा काळ. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली आणि शेतातली कामं करता करता त्या ओव्या रचत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यातल्या काही उतरवून ठेवल्या आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपात आल्या. 'संसार' हा केवढा मोठा, निराकार शब्द. त्यांनी तो चुलीवरच्या तव्यापाशी आणून ठेवला. जातं, सुगरणीचा खोपा, पेरणी हे सगळं त्यांच्या रोजच्या हाताखालचं होतं. अनुभव शोधायला त्या कुठेही गेल्या नाहीत.

चौथा टप्पा: भावनेचं नाव घेऊ नका

'दाखवा, सांगू नका' हा सल्ला आजकालच्या लेखन-कार्यशाळांतला वाटतो. पण आपल्या काव्यशास्त्राने तो फार आधी आणि फार काटेकोरपणे दिला आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' लिहिला. त्यात रसाचे, म्हणजे कवितेतून वाचकाला येणाऱ्या भावानुभवाचे, दोष सांगताना, रस किंवा भाव त्याच्या स्वतःच्याच नावाने सांगणं हा दोष मानला आहे. शोक दाखवायचा असेल आणि कवीने 'शोक' असं लिहिलं, तर तिथे शोक उभा राहत नाही. फक्त त्याची पाटी लागते.

मग करायचं काय, तेही त्याच परंपरेत आहे. भरतमुनींच्या रससूत्राप्रमाणे विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निर्माण होतो. कवितेच्या टेबलावर या शब्दांचा सरळ उपयोग करता येतो. विभाव म्हणजे भावनेला कारण होणारी गोष्ट: माणूस, जागा, वेळ, वस्तू. अनुभाव म्हणजे भावनेचा शरीरावर, वागण्यावर दिसणारा परिणाम. व्यभिचारी भाव म्हणजे मुख्य भावनेच्या वाटेत येऊन जाणाऱ्या छोट्या भावना: शंका, लाज, आळस, एखाद्या क्षणाचा आनंदसुद्धा.

आपल्या खर्ड्यावर हे असं वापरा. प्रत्येक भावनावाचक शब्दाखाली रेघ मारा. एकाकी, व्याकूळ, हळवं, वेदना, आठवण, सल, हुरहुर. मग प्रत्येकाच्या जागी एक विभाव किंवा एक अनुभाव लिहा. 'ती गेल्यावर मी एकाकी झालो' या ओळीत भावना सांगितली आहे. 'अजूनही मी पलंगाच्या एकाच कडेला झोपतो' यात अनुभाव आहे. दुसरी ओळ वाचताना एकाकी हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात उमटतो, तो तिथेच उमटायला हवा.

व्यभिचारी भावांकडे तर मराठीत लिहिणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यावं असं मला फार वाटतं. आपल्या शोककविता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शोकच करतात. खऱ्या शोकात भूक लागते, कोणाच्या तरी चपलांवर नजर जाते, मध्येच हसू फुटतं आणि त्याची लाज वाटते. ही भेसळ कवितेत आली की मुख्य भावना खरी वाटायला लागते. पुढची कविता लिहिताना विचारा: त्या प्रसंगी मला असं काय वाटलं होतं, जे वाटायला नको होतं?

सगळे भावनावाचक शब्द हद्दपार करा, असा मात्र याचा अर्थ नाही. दहा ओळी वस्तूंच्या झाल्या की अकराव्या ओळीत एक साधा 'भीती वाटते' फार खोल जाऊ शकतो. तो शब्द तोवर कमावलेला असतो.

पाचवा टप्पा: कवितेतला 'मी' कोण, ते ठरवा

कवितेतला 'मी' म्हणजे आधार कार्डावरचे तुम्ही नव्हे. हे पटलं की हात मोकळा होतो.

नारायण सुर्वे यांचं उदाहरण घ्या. अनाथ म्हणून सापडलेलं बाळ, गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवलेलं. पुढे गिरणीत, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक अशी कामं. इतकं टोकाचं वैयक्तिक आयुष्य हाताशी असूनही 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) मधला 'मी' एकट्याचा राहत नाही. तो कामगारांच्या गर्दीत मिसळतो, त्यांच्या वतीने बोलतो, त्यांच्याशी बोलतो. कहाणी स्वतःची, पण आवाज रुंद.

उलट दिशेचं उदाहरण त्याहून जुनं आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या विरहिण्या वाचा. संन्याशाच्या पोटी जन्मलेला, स्वतः विरक्त असलेला तरुण कवी प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावलेल्या स्त्रीच्या तोंडून बोलतो. परमेश्वराची ओढ हा त्याचा स्वतःचा अनुभव. तो सांगायला त्याने दुसऱ्याचा गळा घेतला, आणि त्यामुळे त्या ओढीला शरीर मिळालं.

तुमच्या खर्ड्यावर करून पाहण्याजोगे तीन बदल आहेत. 'मी' च्या जागी 'तो' किंवा 'ती' घाला. मग 'तू' घाला, जणू कोणी तुम्हालाच सांगतं आहे. मग त्याच प्रसंगातल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडून लिहा. मीटरची कविता आईच्या तोंडून लिहिली तर ती अगदी वेगळी होईल, कारण तिला ते आकडे लिहायला सांगितलं कोणी, की तिने न विचारता पेन हातात घेतलं, हे फक्त तिलाच माहीत आहे. तिन्ही खर्डे ठेवायचे नसतात. पण तिसऱ्यात सापडलेली एखादी ओळ पहिल्यात आणता येते.

सहावा टप्पा: कुठे बदलायचं, कुठे नाही

वर्ड्‌स्वर्थ यांनी बहिणीला कवितेतून वगळलं ते चालतं का? चालतं. महिना बदलणं, दोन प्रसंगांचा एक करणं, पाऊस नसताना पाऊस पाडणं, हे सगळं चालतं. कविता म्हणजे जबानी नव्हे. 'पण हे खरंच असं घडलं होतं' हे वाक्य कवितेच्या बचावासाठी कधीच वापरू नका. घडलं असेल, पण ओळीत ते घडताना दिसतं का, एवढंच वाचक पाहतो.

दोन ठिकाणी मात्र मी कडक आहे. जो छळ, जो अपमान, जी भूक तुम्ही सोसलेली नाही, ती 'मी' च्या नावाने सोसल्यासारखी लिहून वाचकाचा विश्वास घेऊ नका. दुसऱ्याच्या भूमिकेतून लिहायचं असेल तर ती भूमिका आहे हे कवितेतूनच कळू द्या. आणि दुसऱ्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं, लिहिलेलं, जसंच्या तसं उचलू नका.

या दुसऱ्या मुद्द्यावर साहित्यात एक गाजलेला वाद आहे. अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेल यांनी 'द डॉल्फिन' (१९७३) या संग्रहात आपल्या घटस्फोटित पत्नी एलिझाबेथ हार्डविक यांच्या खाजगी पत्रांतला मजकूर वापरला, तोही फेरफार करून. हस्तलिखित वाचून त्यांची जवळची मैत्रीण, कवयित्री एलिझाबेथ बिशप यांनी १९७२ मध्येच त्यांना पत्र लिहिलं आणि कलेची किंमत इतकी मोठी नसते, असं बजावलं. लोवेल यांनी पुस्तक छापलं. त्याला पुलित्झर पुरस्कारही मिळाला. माझ्या मते बिशप यांचंच बरोबर होतं, आणि पुरस्काराने त्यात काही फरक पडत नाही.

व्यवहारात करायचं ते असं. ज्या जिवंत माणसाबद्दल कविता आहे, त्याची ओळख पटणारे तपशील बदला: नाव, गाव, व्यवसाय. आजार, पैसा आणि शरीरसंबंध या तीन बाबतींत विचारल्याशिवाय छापू नका. लहान मुलांच्या बाबतीत ती मोठी झाल्यावर हे वाचतील, हे लक्षात ठेवा. आणि लिहिणं व छापणं यांत फरक करा. लिहा काहीही. छापायचा निर्णय वेगळ्या दिवशी, वेगळ्या मनाने घ्या.

सातवा टप्पा: रचना आणि कापाकापी

अनुभव जितका भडक, तितकी रचना घट्ट असलेली बरी. याच बिशप यांची 'वन आर्ट' ही कविता १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. गमावण्याबद्दलची ही कविता. घरं, शहरं आणि शेवटी प्रिय माणूस. तिचे सतराएक खर्डे आज उपलब्ध आहेत. पहिला खर्डा जवळजवळ गद्य आहे, पसरलेला, हरवलेल्या गोष्टींची यादी करणारा. शेवटचा खर्डा 'व्हिलनेल' या एकोणीस ओळींच्या काटेकोर आकृतिबंधात आहे, ज्यात दोन ओळी ठरावीक जागी पुन्हा पुन्हा याव्याच लागतात. गमावणं फारसं अवघड नाही, असं ती कविता म्हणत राहते, आणि प्रत्येक पुनरावृत्तीबरोबर ते म्हणणं अधिक अवघड होत जातं. हे आकृतिबंधाने घडवलं आहे. मोकळ्या ओळींत ते इतकं नेमकं झालं नसतं.

मराठीत आपल्याकडे ओवी आहे, अभंग आहे, सुनीत (सॉनेट) आहे, गझल आहे. मुक्तछंदातच लिहायचं असलं तरी एखादा खर्डा अभंगाच्या मापात बसवून पाहा. माप पाळताना जे शब्द गळतात ते बहुधा गळण्याच्याच लायकीचे असतात. नंतर पुन्हा मोकळं करा.

आता मीटरच्या कवितेकडे येऊ. 'मुंगीसारखे' ही उपमा काढा. बारीक अक्षराला मुंगी हे सगळ्यांनाच सुचतं, आणि इथे 'तारखेच्या पायाशी' एवढ्यानेच आकार डोळ्यांसमोर येतो. 'आकडा मोठा होत जातो, अक्षर लहान' ही ओळ काढायला जिवावर येईल, कारण ती चमकदार आहे. तरी काढा. कवीने गणित करून दाखवलं की वाचकाला करायला काही उरत नाही. त्याच्या जागी नुसती वस्तुस्थिती ठेवा. 'लिहितात' चं 'लिहायचे' करा, म्हणजे पहिल्या वाक्यातच काहीतरी थांबलं आहे हे ऐकू येईल:

दर महिन्याच्या एक तारखेला
बाबा कॅलेंडरवर मीटरचं रीडिंग लिहायचे.
जानेवारीत आकडे चौकटभर.
मार्चमध्ये अर्धी चौकट मोकळी.
जूनचे आकडे तारखेच्या पायाशी.
मीटर पुढे जात होता.
जुलै कोरा.
ऑगस्टचं रीडिंग मराठी आकड्यांत आहे.
आई तसेच लिहिते.

'जुलै कोरा' ही ओळ तिसऱ्या खर्ड्यात आली. त्या महिन्यात घरात काय झालं असेल, हे कविता सांगत नाही. माझ्या दृष्टीने कवितेतली सर्वांत जड ओळ तीच आहे.

कापाकापीसाठी दोन सवयी पुरेशा आहेत. कविता मोठ्याने वाचा, आणि जिथे आवाज आपोआप नाटकी होतो तिथे पेन्सिलीने खूण करा. दुसरी, शेवटच्या दोन ओळी झाकून वाचा. नवोदितांच्या निम्म्याहून अधिक कविता दोन ओळी आधीच संपलेल्या असतात आणि पुढच्या दोन ओळींत कवी तात्पर्य सांगत असतो. पहिल्या दोन ओळींचंही तसंच. त्या बऱ्याचदा घसा साफ करण्यापुरत्या असतात.

आठवा टप्पा: वाचायला देणं

खर्डा घरच्यांना किंवा त्या प्रसंगाच्या साक्षीदारांना पहिल्यांदा दाखवू नका. त्यांना कविता दिसणार नाही, प्रसंग दिसेल. ज्याला तुमच्या आयुष्यातलं काही ठाऊक नाही अशा एखाद्या चांगल्या वाचकाला द्या आणि 'कशी वाटली?' असं विचारू नका. 'यात काय घडतं?' असं विचारा. तो म्हणाला की एका माणसाला आता लिहिता येत नाही आणि त्याची बायको ते काम करते, तर कविता पोचली. तो म्हणाला की खूप हळवी आहे, तर परत चौथ्या टप्प्यावर जा.

अनोळखी वाचकाला तुमचे बाबा माहीत नसताना त्याला त्याचे कोणीतरी आठवावेत, यालाच आपल्या परंपरेत भट्टनायक या काव्यशास्त्रकाराने साधारणीकरण म्हटलं आहे. भाव व्यक्तीपासून सुटून सर्वांचा होतो. नवोदित इथे नेमके उलटं करतात. कविता सर्वांची व्हावी म्हणून तपशील काढून टाकतात आणि ढोबळ लिहितात. तपशील ठेवा. माणूस ढोबळ दुःखात स्वतःला शोधत नाही. दुसऱ्याच्या कॅलेंडरवरच्या कोऱ्या चौकटीत मात्र त्याला स्वतःच्या घरातली एखादी कोरी जागा दिसते.

एकच अनुभव, पुन्हा पुन्हा

एका अनुभवावर एक कविता लिहिली की तो संपला, असं नसतं. इंदिरा संत आणि त्यांचे पती ना. मा. संत यांच्या कवितांचा एकत्र संग्रह 'सहवास' नावाने १९४० मध्ये आला होता. १९४६ मध्ये पतींचं निधन झालं. त्यानंतर 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७), 'रंगबावरी' (१९६४) असे संग्रह येत गेले, आणि तो विरह त्यांच्या कवितेत वेगवेगळ्या रूपांनी, निसर्गातून, घरातल्या साध्या गोष्टींतून, उमटत राहिला. प्रत्येक वेळी वेगळा तुकडा, वेगळं अंतर.

काही अनुभव मात्र असे असतात की त्यांना हात लावला की झोप उडते, दिवसचे दिवस बिघडतात. तिथे कवितेचा हट्ट धरू नका. लिहिण्याने मन हलकं होतं हे खरं असलं, तरी कविता हा उपचार नव्हे. जवळच्या माणसाशी, गरज पडली तर समुपदेशकाशी बोला. टिपण वहीत पडून राहू दे.

बाकीच्यांसाठी, वीस गोष्टींची ती यादी फेकू नका. मीटरचं रीडिंग वापरून झालं. शर्टाचं वरचं बटण आणि परत आलेला चेक अजून शिल्लक आहेत. चेकपासून सुरुवात करा: सही जुळत नाही असं बँकेतल्या माणसाने सांगितलं तेव्हा बाबा काय म्हणाले, ते आधी त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.